आकडेमोडीला प्रतिष्ठा देणारे फ्रँक येट्स

संख्याशास्त्रात सूत्र शोधणे प्रतिष्ठेचे आणि त्यानुसार आकडेमोड करणे दुय्यम, असा समज रूढ असला, तरी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स (१९०२–१९९४) यांच्या कार्यात हा भेद टिकत नाही. उत्तर किती पायऱ्यांत हाती येणार, हा प्रश्न त्यांच्या लेखी सिद्धान्ताचाच भाग होता.

मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या येट्स यांनी केंब्रिजमध्ये गणिताचे शिक्षण घेतले आणि पुढे गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत, म्हणजे आजच्या घानात, भूमापनाचे काम केले. मोजणीतील लहानसहान चुकांचा मेळ घालणारी ‘लघुतम वर्ग पद्धत’ तेथे रोजच्या वापरात असल्याने मोठ्या आकडेमोडीचा सराव त्यांना आपोआप झाला. १९३१ मध्ये ते इंग्लंडमधील रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचे सहायक म्हणून रुजू झाले. दोनच वर्षांनी फिशर लंडनला गेल्यावर तेथील संख्याशास्त्र विभागाची सूत्रे येट्स यांच्याकडे आली आणि ती १९६८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

शेतीतील प्रयोगांत एका वेळी एकच खत तपासले, तर खतांचा परस्परांवर होणारा परिणाम कळत नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश यांपैकी प्रत्येक खत देणे किंवा न देणे असे दोन पर्याय धरले, तर एकूण आठ प्रकार होतात, आणि ते सर्व एकाच प्रयोगात तपासण्याच्या पद्धतीला ‘बहुघटक प्रयोग’ म्हणता येईल. अशा प्रयोगांवर येट्स यांनी १९३७ मध्ये सविस्तर पुस्तिका लिहिली. आठ उत्पन्नांचे आकडे ठरावीक क्रमाने मांडायचे, जोडीजोडीने आधी बेरजा व मग वजाबाक्या घ्यायच्या आणि हीच कृती तीनदा करायची, की प्रत्येक खताचा व त्यांच्या संयोगांचा परिणाम समोर येतो. एकेक परिणाम स्वतंत्रपणे काढल्यास ५६ बेरजा-वजाबाक्या लागतात, तर या रीतीत २४ पुरतात.

दुसऱ्या महायुद्धात खतांचा तुटवडा असताना त्यांनी ई. एम. क्राउदर यांच्यासह जुन्या खतप्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून १९४१ मध्ये खतवाटपाच्या धोरणाला आधार पुरवला. युद्धानंतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रसंघाच्या नमुना पाहणीविषयक उपआयोगात ते सदस्य होते, आणि संपूर्ण गणना न करता निवडक भागावरून अंदाज कसा बांधावा, हे सांगणारा त्यांचा १९४९ चा ग्रंथ त्याच कामातून निघाला.

१९५४ मध्ये रॉथमस्टेडला ‘एलियट ४०१’ हा संगणक आला, आणि संख्याशास्त्रासाठी स्वतःचा संगणक वापरणाऱ्या अगदी पहिल्या संस्थांत या केंद्राची गणना होऊ लागली. प्रयोगांचे विश्लेषण करणाऱ्या आज्ञावली, म्हणजे यंत्राला द्यायच्या क्रमवार सूचना, तेथील संख्याशास्त्रज्ञांनीच लिहिल्या. येट्स १९६०–६१ मध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचे अध्यक्षही झाले.

त्यांच्या कागदावरच्या रीती मात्र यंत्रापेक्षा दीर्घायुषी ठरल्या. फिशर व येट्स यांच्या १९३८ च्या कोष्टकांत यादी निःपक्षपातीपणे पिसण्याची जी कृती दिली होती, तिचेच सुधारलेले रूप आज संगणक वापरतात. पेन्सिल घेऊन बसणाऱ्या माणसाचे श्रम वाचवण्यासाठी ठरवलेला पायऱ्यांचा क्रम यंत्राला जवळजवळ तसाच चालला.