नीटमध्ये थोडक्यात हुकलं, आता पुढे काय? : पर्याय आणि निर्णय



मी प्राथमिक शिक्षक आहे. माझ्या वर्गातली पोरं चौथीनंतर पुढच्या शाळेत जातात, पण त्यांचे आईवडील बारावीनंतरही विचारायला येतात. "सर, थोड्याशा मार्कानं सरकारी कॉलेज गेलं, आता पोरीनं काय करावं?" हा प्रश्न दर जून-जुलैमध्ये येतोच. पातूरसारख्या तालुक्याच्या गावात सांगणारे खूप असतात, पण नेमकी माहिती कमी मिळते. म्हणून आज हा विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

पात्र होणं वेगळं, प्रवेश मिळणं वेगळं

नीट ही ७२० गुणांची परीक्षा आहे. एकूण १८० प्रश्न असतात : भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं तर १ गुण वजा होतो.

खुल्या प्रवर्गाला पात्र होण्यासाठी ५० पर्सेंटाइल लागतं, राखीव प्रवर्गांना ४०. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्या निम्म्या मुलांच्या पुढे असणं. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी नीट दिली आणि १२ लाखांवर पात्र झाली. देशात एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे पात्र झालेल्या दहा मुलांमागे साधारण एक जागा. तुमचं लेकरू पात्र होऊनही एमबीबीएसला लागलं नाही, तर ते 'नापास' झालं असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा हिशोब दाखवा.

गुणांपेक्षा रँक बघा

आपल्याकडे निकालाच्या दिवशीच मागच्या वर्षीचा कटऑफ काढतात आणि रडारड सुरू होते. हे घाईचं आहे. २०२४ मध्ये पूर्ण ७२० गुण घेणारी मुलं अंतिम निकालात १७ होती. २०२५ चा पेपर कठीण गेला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा २०२४ मध्ये १६२ होती, ती २०२५ मध्ये १४४ वर आली. त्यामुळे एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाला लावून काही कळत नाही. राज्याच्या गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक कितवा आणि प्रवर्गात कितवा, हे पाहायचं.

'थोडक्यात' म्हणजे किती थोडं, याचं एक उदाहरण देतो. २०२४ च्या पेपरमध्ये अणूवरच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं आधी बरोबर धरली होती. जुन्या पाठ्यपुस्तकातलं वाक्य एक सांगत होतं, नव्यातलं दुसरं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत घेतलं गेलं आणि एकच उत्तर बरोबर ठरलं. ज्यांनी दुसरं लिहिलं होतं, त्यांचे मिळालेले ४ गेले आणि वर १ वजा झाला. एका प्रश्नामुळे चार लाखांवर मुलांचे पाच-पाच गुण कमी झाले, आणि ७२० वाल्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. इतक्या अरुंद जागेवर हुशार की ढ हे ठरत नसतं.

आधी सगळ्या फेऱ्या पूर्ण होऊ द्या

शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्याची नोंदणी एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे करायची. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. दोन्ही नोंदण्या वेगळ्या आहेत. एक केली म्हणजे दुसरी झाली असं होत नाही.

पहिल्या फेरीत नाव नाही आलं म्हणून संपलं असं समजू नका. वरच्या मुलांना दुसरीकडे जागा मिळाली की इथल्या रिकाम्या होतात आणि पुढच्या फेरीत यादी खाली सरकते. थोडक्यात हुकलेल्यांसाठी खरी संधी तिथेच असते. आपल्या अमरावती विभागात आता पाचही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. यवतमाळ आणि अकोल्याचं आधीपासून होतं, २०२४ मध्ये अमरावती, वाशीम आणि बुलडाणा इथे प्रत्येकी १०० जागांचं नवीन सुरू झालं. पसंतीक्रम भरताना नवीन म्हणून ही नावं गाळू नका.

आणखी एक. "विदर्भातल्या पोरांना विदर्भात ७० टक्के राखीव असतात" असं जुने लोक अजून सांगतात. ती ७०:३० ची विभागवार पद्धत २०२० मध्ये रद्द झाली. आता राज्यभराची एकच यादी लागते.

कागदपत्रांचं तर काय सांगावं! रँक येत असूनही जातवैधता किंवा नॉन-क्रिमिलेयर वेळेवर नसल्यानं जागा हातची जाऊ शकते. ही कामं अकरावीतच सुरू करा.

नीटच्याच गुणांवर उघडणारे मार्ग

हे गुणपत्रक फक्त एमबीबीएसचं नाही. त्याच गुणांवर पुढचे अभ्यासक्रम मिळतात :

१) बीडीएस (दंतवैद्यक) : चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. अकोला आणि अमरावती दोन्हीकडे खासगी दंत महाविद्यालयं आहेत, शासकीय नागपूरला आहे. पुढे स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची आणि यंत्रांचा खर्च मोठा, तो आताच धरून चला.

२) बीएएमएस आणि बीएचएमएस : दोन्ही इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. आयुर्वेद महाविद्यालय तर आपल्या पातुरातच आहे, अकोल्यातही आहे. गावाकडच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून किंवा १०८ रुग्णवाहिकेवर जे डॉक्टर दिसतात, त्यांत बीएएमएस झालेले पुष्कळ आहेत. पण आयुर्वेद शिकायची तयारी असेल तरच जा. एमबीबीएस मिळालं नाही म्हणून रागारागात घेतलेली जागा साडेपाच वर्षं टोचत राहते.

३) फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी : अपघात, लकवा, शस्त्रक्रिया यांनंतर माणसाला पुन्हा चालतं-फिरतं करण्याचं काम. ज्यांना रोग्याजवळ बसून वेळ द्यायला आवडतो, त्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. वाचा व श्रवणदोष उपचार (बीएएसएलपी) हाही याच गटातला.

४) बीव्हीएससी (पशुवैद्यक) : साडेपाच वर्षं. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, पण अर्ज नागपूरच्या माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना गाय-म्हैस-बकरी नवीन नसते. जनावराचा डॉक्टर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी गोठ्यातली म्हैस अडली की कोणाला फोन लावतो ते आठवावं.

दुसऱ्या परीक्षेवर किंवा बारावीच्या गुणांवर

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. या परीक्षांचे अर्ज साधारण नीटच्या निकालाआधीच बंद होतात. निकाल पाहून मग भरू म्हणाल तर गाडी गेलेली असते. म्हणून नीट देणाऱ्या प्रत्येकानं हे फॉर्म आधीच भरून ठेवायचे.

एमएचटी-सीईटी (पीसीबी गट) : यावर चार वर्षांचं बी.फार्म. मिळतं. बी.एस्सी. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र हेही यावरच. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांचे वडील शल्यचिकित्सक होते आणि मुलानंही डॉक्टर व्हावं अशी घरची अपेक्षा होती. १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहून त्यांनी शेतीशास्त्र घेतलं, आणि पुढे देशाच्या हरितक्रांतीत त्यांचं नाव झालं.

बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षं. २०२३ पासून राज्यात याची स्वतंत्र सीईटी होते. नर्सिंग फक्त मुलींचं हा समज सोडा. दवाखान्यात रोग्याजवळ सर्वांत जास्त वेळ परिचारिका आणि परिचारकच असतात.

आयसर : ज्याला रोग्यापेक्षा जीवशास्त्रच जास्त आवडतं, त्यानं पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा द्यावी. तिथून संशोधनाकडे वाट जाते.

बारावीच्या गुणांवर : दोन वर्षांचं डी.फार्म., साधी बी.एस्सी., प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांसारखे मार्ग आहेत. संस्था मान्यताप्राप्त आहे ना, हे पैसे भरण्याआधी तपासा.

एक वर्ष थांबावं का?

नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. दार उघडं आहे, पण म्हणून प्रत्येकानं थांबावं असं नाही. आधी उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची शेजारी ठेवून हिशोब करा.

समजा, मुलीनं १६५ प्रश्न सोडवले. १३० बरोबर, ३५ चूक. गुण झाले ५२० वजा ३५, म्हणजे ४८५. या ३५ पैकी १५ प्रश्न तिनं नुसते अंदाजानं ठोकले असतील, तर ते सोडून दिले असते तरी ५०० झाले असते. म्हणजे नवीन काही न शिकता १५ गुण. अशी गळती असेल तर एक वर्ष कामी येऊ शकतं. पण अर्धं भौतिकशास्त्रच समजलेलं नसेल, तर तोच क्लास आणि त्याच नोट्स पुन्हा करून फार फरक पडणार नाही. तिथे शिकण्याची पद्धतच बदलावी लागेल.

मग हे तीन प्रश्न विचारा :

- शेवटच्या तीन-चार महिन्यांत सराव परीक्षांचे गुण वाढत होते का? वाढत असतील तर थांबण्याला अर्थ आहे.
- थांबायची इच्छा मुलाची आहे की घरच्यांची? त्याला एकट्याला विचारा, काका-मामा बसलेले असताना नको.
- अकोल्याचा क्लास, खोली, मेस यांचा खर्च झेपेल का? वावर गहाण टाकून शिकवायची पाळी येत असेल, तर त्या कर्जाचं ओझं परीक्षेच्या खोलीत पोरगंच वाहत असतं.

थांबायचं ठरलं तर 'एकच वर्ष' हे आधीच बोलून ठेवा, आणि पुढच्या वेळी सीईटी व नर्सिंगचे फॉर्मही सोबत भरा. एखादी जागा घेऊन मग सोडायचा विचार असेल तर माहितीपुस्तिकेतल्या तारखा नीट वाचा. प्रवेश सोडण्याची मुदत उलटली की पैसे अडकतात.

परदेश आणि एजंट

निकालानंतर फोन सुरू होतात : "परदेशात एमबीबीएस, कमी फी." जाण्याआधी नियम माहीत करून घ्या. परदेशी जायलाही नीट पात्र असावं लागतं. २०२१ च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर ३०० गुणांची परीक्षा देऊन १५० मिळवावे लागतात, तेव्हा कुठे इथे डॉक्टरकी करता येते. त्या परीक्षेत बहुसंख्य मुलं एका प्रयत्नात अडकतात. २०२२ मध्ये युक्रेनमधून शिक्षण अर्धं सोडून आलेली मुलं आपण पाहिली आहेत. आणि "सीट पक्की करून देतो" म्हणून रोख मागणाऱ्याला दारातूनच रामराम करा. कॅपची जागा कोणी विकू शकत नाही.

फीचं काय?

मुलींच्या पालकांनी हे जरूर वाचा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. इतर शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर असतात.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं

पर्याय निवडण्याआधी मुलाला एकच विचारा : "तुला डॉक्टर कशासाठी व्हायचं होतं?" रोग्यांसाठी असेल तर नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद आहे. जीवशास्त्रासाठी असेल तर आयसर, बी.एस्सी., कृषी आहे. लवकर कमवायचं असेल तर फार्मसी आहे. आणि उत्तर "बाबांना वाटत होतं म्हणून" असं आलं, तर रागावू नका. ते अठराव्या वर्षी कळलं हे बरंच झालं.

निकालानंतरचे पंधरा दिवस मुलाला एकटं पाडू नका. शेजारच्या पोराचे मार्क त्याच्यासमोर काढू नका. तो जेवत नसेल, झोपत नसेल, "माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले" असं वारंवार म्हणत असेल, तर ते मनावर घ्या. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा नंबर पालकांनीही फोनमध्ये जतन करून ठेवावा.

यंदा ज्यांची मुलं बारावीत आहेत त्यांनी आजच एका कागदावर तीन रकाने आखा : परीक्षेचं नाव, अर्जाची शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रं. तो कागद घरात दिसेल असा भिंतीला चिकटवा. आणि ज्या घरात यंदा नीटचा निकाल मनासारखा लागला नाही, त्यांना हा लेख वाचून दाखवा.