पेटीतली इटली

माळ्यावर पत्र्याची पेटी, पेटीत आजोबांचं मेडल. ऑनलाइन विकायला टाकताय? जरा थांबा, आधी हे वाचा!

सोमवार सकाळ. ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये वीकेण्डच्या गप्पा रंगल्या होत्या. कुणी मल्टिप्लेक्सला गेलेलं, कुणी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं. तेवढ्यात आमच्या एका कलीगनं लॅपटॉपच्या बॅगेतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर सोडली. आत तीन पदकं होती. एक सहा टोकांची, काळपट पडलेली चांदणी आणि दोन गोल, रुपयापेक्षा बरीच मोठी नाणी. सोबत विटलेल्या फितींचे तुकडे.

‘‘बघ रे, काही किंमत येईल का? नवा फोन घ्यायचाय,’’ तो म्हणाला.

हा पठ्ठ्या मूळचा बारामतीजवळच्या कन्हेरीचा. निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ जिथल्या मारुतीपुढे फुटतो, तेच हे कन्हेरी. घट बसायच्या आधी घर धुवून-पुसून काढायची आपल्याकडे पद्धत. त्या सफाईत माळ्यावरची पेटी खाली आली आणि तिच्या तळाशी जुन्या कोटाच्या खिशात हा ऐवज सापडला. पदकं आजोबांची. आजोबा त्याच्या जन्माआधीच गेले. फौजेत होते एवढंच घरात माहीत. कुठे होते, काय केलं, कुणी विचारलंच नाही.

मी काही मोठा तज्ज्ञ नाही. पण गेली काही वर्षं ही हॉबी मागे लागली आहे. रविवारी सकाळी लोक अमृततुल्यात बसतात, मी जुन्या बाजारात उकिडवा बसलेला असतो. त्यामुळे विटलेल्या फितीच्या एका तुकड्यावर नजर गेली आणि हातातला चहा तसाच राहिला. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल.

‘‘तुझे आजोबा इटलीत लढलेत,’’ मी म्हटलं.

तो आधी हसला. मग एकदम गप्प झाला. ‘‘आजी तेच सांगते. पण आम्ही म्हणायचो, म्हातारं फेकत असणार.’’

फीत बोलते!

पदक ओळखायचा पहिला धडा हाच. धातू नंतर, फीत आधी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं वेगवेगळ्या आघाड्यांसाठी वेगवेगळे ‘स्टार’ काढले. सगळे सहा टोकांचे, सगळे पिवळट धातूचे, मध्ये राजा सहाव्या जॉर्जची मोहोर. लांबून एकासारखा एक. पण मोहोरेभोवती आघाडीचं नाव असतं आणि प्रत्येकाची फीत वेगळी असते. बर्मा स्टारच्या फितीत मध्ये रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्यात नारिंगी रेघ. आफ्रिका स्टारची फीत वाळवंटाच्या वाळूच्या रंगाची. इटली स्टारवर इटलीच्या झेंड्याचे रंग. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात त्या आघाडीवर असलेल्यांना तो मिळाला.

उरलेली दोन गोल पदकं? एकावर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर पाय रोवून उभा असलेला सिंह, म्हणजे वॉर मेडल १९३९-४५. दुसऱ्यावर चक्क हिंदुस्थानचा नकाशा, म्हणजे इंडिया सर्व्हिस मेडल, खास हिंदी फौजेसाठी काढलेलं. या दोघांमध्ये कुठेच न बसणारी एक जास्तीची फीतही होती. गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे. आरमार, भूदल आणि विमानदल! ही १९३९-४५ स्टारची फीत. म्हणजे पेटीत पदकं तीन, पण फिती चार. एक स्टार गायब होता.

इटलीत आपलं काय काम?

प्रश्न रास्त आहे. शाळेच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध म्हणजे हिटलर आणि हिरोशिमा. पण हिंदी फौजेच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन इटलीत लढल्या आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. आठव्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, दहाव्यात तिसरी.

या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशिनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, टॉमीगन रिकामी केली आणि गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं शेवटच्या दोघांना लोळवलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय वर्षं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावी त्यांचं स्मारक उभं राहिलं.

नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठी त्यांनी गोळीबारातून आणि सुरुंगांतून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून बाहेर काढलं. मग मशिनगनची तीन ठाणी बंद पाडली. वर बांधावर चढून पलटणीची आरोळी ठोकली! त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते मात्र जिवंत परतले.

आपण २५-२६ व्या वर्षी अप्रेझलचं टेन्शन घेतो. असो.

काठावरचं नाव

दुसरा धडा : पदकाचा काठ बघा. पहिल्या महायुद्धातली पदकं असतील तर लॉटरीच. गोल पदकाच्या काठावर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, सगळं इंग्रजी ठशात उमटवलेलं सापडतं. १९१४-१५ स्टारवर तीच माहिती मागच्या सपाट बाजूला. हुद्द्यांची लघुरूपं माहीत हवीत. ‘सेप’ म्हणजे शिपाई, ‘हव’ म्हणजे हवालदार, ‘जेम’ म्हणजे जमादार, ‘एसपीआर’ म्हणजे सॅपर. ‘३ एस अॅण्ड एम’ दिसलं तर आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स! आणि ‘११७ मराठाज’ दिसलं तर श्वास रोखून धरा. कारण ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकमधल्या कूत अल अमारात अडकली होती. डिसेंबर १९१५ पासून वेढा, खायला खेचरं-घोडी आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैदेत किती तरी जण गेले. असं एक पदक हातात असणं म्हणजे एका माणसाचा त्या पाच महिन्यांशी जोडलेला धागा हातात असणं.

धातूसुद्धा बोलतो. पहिल्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळालं, पण मजूर पलटणीतल्या माणसाला तेच पदक ब्रॉन्झचं. युद्ध एकच, समुद्र एकच, पण पदकातही उतरंड. गंमत म्हणजे आज ब्रॉन्झचंच जास्त दुर्मिळ. चांदीची बरीचशी मुशीत गेली. १९७९-८० मध्ये चांदीचे भाव भडकले, तेव्हा जगभर ही पदकं किलोवर विकली गेली.

दुसऱ्या युद्धात ब्रिटननं खर्च वाचवायला आपल्या सैनिकांची पदकं बिननावाची ठेवली. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियानं मात्र नावं घातली. आमच्या कलीगच्या तिन्ही पदकांचे काठ कोरे होते. अशा वेळी पदक नुसतं आघाडी सांगतं. माणूस कोण, ते घरानं सांगायचं.

आपल्या गावांची नावं

या छंदात शिरलात की एक दिवस ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ भेटतं, निदान फोटोत तरी. ईस्ट इंडिया कंपनीच्या लढायांसाठी ते १८५१ मध्ये मंजूर झालं आणि तेव्हा हयात असलेल्यांनाच मिळालं. फितीवरच्या चांदीच्या पट्ट्यांवर लढायांची नावं : असई, आरगाम, गाविलगड, खडकी, पूना, सीताबर्डी, कोरेगाव. स्पेलिंग साहेबी, गावं आपली. १८१८ च्या लढाईचं पदक ३३ वर्षांनी!

दुसऱ्या टोकाला १५ ऑगस्ट १९४७ चं ‘इंडियन इंडिपेण्डन्स मेडल’. एका बाजूला अशोकाचे सिंह, दुसऱ्या बाजूला अशोकचक्र आणि त्यावर चक्क ब्रिटिश मुकुट! सत्तांतराचा इतका नेमका फोटो दुसऱ्या कशात सापडणार?

आणि परमवीरचक्र? त्याचं डिझाइन केलं सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्मानं स्वित्झर्लंडच्या, माहेरचं नाव ईव्ह. १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या मराठी घरात आल्या. जांभळी फीत, इंद्राची चार वज्रं, मधोमध राजमुद्रा. पहिलं परमवीरचक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना. ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर.

(चौकट)
पेटी उघडलीत? मग हे पाळा

* घासू नका! चिंच, राख, पॉलिश काही नको. वर चढलेला काळपटपणा हाच पदकाचा जन्मदाखला. घासून काठावरची अक्षरं झिजली की माणूसच पुसला जातो.
* सेट फोडू नका. तीन पदकं एकत्र असली की गोष्ट असते, वेगळी झाली की नुसता धातू.
* फीत कितीही मळकी असली तरी फेकू नका. नवी लावायचीच तर जुनी जपून ठेवा.
* विकत घेताना काठ भिंगातून बघा. जुनं नाव घासून नवं घातलेलं असेल तर काठ त्या जागी बारीक लागतो. शौर्यपदकं तर डोळे झाकून घेऊच नका, नकलांचा बाजार मोठा आहे.
* डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, ग्रुप फोटो शोधा. पदकाइतकेच तेही मोलाचे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, बॉम्बे सॅपर्सचं खडकीत. चौकशी नंबर आणि पलटणीच्या नावानिशी करा.
* माणूस युद्धात गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. शौर्यपदक असेल तर ‘लंडन गॅझेट’ बघा.
* १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाला हो म्हणण्याआधी हे लक्षात ठेवा.

कन्हेरीची वारी

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं बाइक काढून कन्हेरीला पोचलो. आजी नव्वदी पार. कान अजून तिखट. ओसरीत बसून मी ती फीत तिच्या हातात दिली आणि कलीगनं रंगांचा अर्थ सांगितला.

आजी बराच वेळ फितीवरून अंगठा फिरवत राहिली. ‘‘मालक म्हनायचे, नुसत्या नद्या हुत्या तिकडं. एक वलांडली की दुसरी. आन् बरफ. पारावरची मान्सं हसायची. मग त्यांनी सांगायचंच सोडलं.’’

मी मोबाइलवर इटलीचा नकाशा उघडला. आठव्या डिव्हिजनची वाट दाखवली : सांग्रो, गारी, आर्नो, सेनिओ. खरंच नुसत्या नद्या! कुठली पलटण, विचारलं. ‘‘पाचवी मराठा,’’ आजी ताडकन म्हणाली. इतकी वर्षं हे उत्तर तिच्याकडे होतं. विचारायला कुणी गेलं नव्हतं.

चौथ्या पदकाचाही पत्ता लागला. एका दुष्काळात घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत घातली, तेव्हा ती चांदणीही तराजूत गेली. ‘‘त्यांनीच टाकली. म्हनले, पोरांच्या पोटापरीस मोठी न्हाई.’’

परतताना कलीग एकदम फॉर्मात होता. ‘‘तो स्टार बाजारात मिळतो ना? नाव नसतंच त्यावर. एक घेऊ आणि सेट पुरा करू. सेम टू सेम!’’ संग्राहक असं करतात, फक्त ‘हा बदली आहे’ असं प्रामाणिकपणे लिहून ठेवतात. मी तसं सांगितलं. त्यानं तिथूनच आजीला फोन लावला, स्पीकरवर.

‘‘नगं,’’ आजी म्हणाली. ‘‘ती बी कुनाच्या तरी घरातनं मोडीत गेलेली आसंल. ज्येची त्येला ऱ्हाऊ दे.’’

नवा फोन घ्यायचा बेत सध्या रद्द आहे. कन्हेरीच्या घरात आता आजोबांच्या फोटोखाली एक साधी लाकडी चौकट आहे. तिच्यात तीन पदकं आणि चार फिती. चौथ्या फितीखालची जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय. येणारा-जाणारा विचारतो, इथं काय होतं? मग आजी सांगते. आता कुणी हसत नाही.

तुमच्याही गावी माळ्यावर पेटी असेलच. या दिवाळीत घरी गेलात की उघडा. आणि पेटी उघडायच्या आधी आजीजवळ बसा.