घरापुढील हिरवळीचे वार्षिक खतमान : दख्खनमधील हरळीचा विचार

घरापुढील हिरवळीस खत केव्हा व किती द्यावे, याविषयी आपल्याकडे जे सल्ले दिले जातात त्यांपैकी पुष्कळसे थंड देशांतील उद्यानग्रंथांतून आलेले आहेत. वसंतात एक मात्रा व पानगळीच्या सुमारास दुसरी, हा त्यांचा क्रम तेथील गवतांच्या दृष्टीने योग्यच आहे; कारण ती गवते सुमारे १५ ते २४ अंश सेल्सियस तापमानात जोमाने वाढतात. आपल्या अंगणातील हरळी वेगळ्या प्रकृतीची आहे. प्रकाशसंश्लेषणात तिचे पहिले स्थिर संयुग चार कार्बन अणूंचे असते, आणि तिची उत्तम वाढ सुमारे २७ ते ३५ अंशांच्या दरम्यान होते. तेव्हा पंचांग उसने घेण्यापूर्वी गवत कोणते, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

जमिनीचेही तसेच आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी १८५६ साली सुरू केलेला कुरणावरील प्रयोग अद्यापि चालू आहे. तेथे अमोनियम सल्फेटच्या दीर्घकालीन वापराने, चुना न दिलेल्या वाफ्यांत, मातीचा सामू चारच्याही खाली गेला व वनस्पतींच्या जाती दोन-तीनवर आल्या. या प्रयोगाचा दाखला देऊन आपल्याकडेही हे खत वर्ज्य ठरविणे मात्र युक्त नव्हे. दख्खनच्या काळ्या जमिनीत बहुधा मुक्त चुनखडी असते; उत्पन्न होणारे आम्ल ती शमविते. येथील धोका निराळाच आहे. चुनखडीशी संयोग होऊन अमोनियम सल्फेटपासून जिप्सम व अमोनियम कार्बोनेट बनते, आणि पृष्ठभागावर राहिलेल्या या कार्बोनेटातील अमोनिया हवेत उडून जातो. युरियाचीही गत फारशी निराळी नाही. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला निंबतेलाचा लेप असतो, परंतु तो नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावितो, अमोनियाचे उडणे थांबवीत नाही. खत टाकल्याबरोबर पाणी देऊन ते मुळांपर्यंत उतरविणे, हाच येथे खरा उपाय होय.

आता वर्षाचा क्रम पाहू. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडताच सूक्ष्मजंतू एकाएकी क्रियाशील होतात व सेंद्रिय द्रव्यातील बरेच नत्र मोकळे होते. म्हणून जूनमध्ये घाई नको. जुलैच्या आरंभी पहिली मात्रा पुरे. (उन्हाळाभर पाणी मिळालेल्या हिरवळीत हा लाभ अर्थातच थोडा.) पावसाळ्यात नायट्रेट निचऱ्याबरोबर वाहून जाते, यास्तव जुलै व ऑगस्ट या महिन्यांत दर चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र, असे दोन लहान हप्ते द्यावेत. सप्टेंबरअखेर पाच ग्रॅमची मात्रा द्यावी. मातीपरीक्षणात पालाश कमी आढळल्यास तेही याच वेळी घालावे. शंभर चौरस मीटर हिरवळीस पाच ग्रॅमच्या हिशेबाने ५०० ग्रॅम नत्र लागते, म्हणजे ४६ टक्के नत्राचा युरिया सुमारे १.१ किलो. एवढ्याशा अंगणावर याच्या दुप्पट युरिया मुठीने उधळणारे गृहस्थ विरळा नाहीत. जळालेले पट्टे हे त्याचेच फळ.

नोव्हेंबर ते जानेवारी नत्र देऊ नये. या काळातील फिकटपणा थंडीचा असतो, भुकेचा नव्हे. एक अपवाद ध्यानात ठेवावा : नत्राच्या उणिवेत जुनी पाने आधी पिवळी पडतात, कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर उणीव लोहाची समजावी. चुनखडीच्या जमिनीत घातलेले फेरस सल्फेट त्वरित निरुपयोगी होते. त्याचे अर्धा टक्का द्रावण पानांवर फवारावे.

मार्चमध्ये चाळलेले शेणखत पातळ पसरावे. नत्राची पाच ग्रॅमची शेवटची मात्रा मात्र पाण्याची हमी असेल तरच द्यावी. नत्राने पालवी वाढते व पालवीबरोबर पाण्याची मागणीही वाढते. टँकरने पाणी आणणाऱ्या गावात एप्रिलमध्ये हिरवळीस खत घालणे म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीत हात घालणे आहे. हरळी उन्हाळ्यात करपली तरी तिचे भूमिगत खोड जिवंत राहते व पावसाबरोबर पुन्हा फुटते.

कापलेले गवत, बारीक असेल तर, जागच्या जागी राहू द्यावे. त्याच्या शुष्क भारात साधारणतः तीन-चार टक्के नत्र असते, आणि ते उचलून टाकणारा माळी दर आठवड्यास खताचा एक भाग कचऱ्यात टाकीत असतो. असे गवत ठेवल्यास वरील वार्षिक १५ ग्रॅमची मात्रा दुसऱ्या वर्षापासून कमी करून पाहण्यास हरकत नाही.