गुरुजींच्या अक्षराला यंत्राचा डोळा

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि दोनच वर्षांत त्याची पहिली शिरगणती झाली. नेमकी तीच, 2001ची जनगणना देशात पहिल्यांदा यंत्राच्या डोळ्यांनी वाचली गेली. सालेकसा-देवरीच्या टोल्याटोल्यांत प्रगणक म्हणून हिंडून गुरुजींनी पेनाने भरलेले कागद स्कॅनरखाली गेले आणि त्यांवरचे आकडे ‘आयसीआर’ या तंत्राने ओळखले. त्याआधी सगळी माहिती माणसं टंकत बसायची, म्हणून कित्येक तक्ते नमुन्यावरच भागवले जात. आता सगळेच अर्ज हिशेबात घेता आले.

हे यंत्र आधी तिरपा कागद सरळ करतं, छापील खुणांवरून रकाने हुडकतं, चौकटीतला एकेक अंक अलग काढतं आणि शिकवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतं. खात्री वाटली नाही, की ते चित्र माणसाच्या पडद्यावर जातं. डोकं मिटलेला 4 त्याला 9 वाटतो, टोपीवाला 1 सातात जमा होतो. चौदा वर्षांची पोर एका फटक्यात एकोणीसची! म्हणून प्रगणकांना तंबी असे: अंक चौकटीला टेकवू नका, कागद दुमडू नका. फळ्यावर ऐसपैस लिहिणाऱ्या हाताने नखाएवढ्या चौकटीत, तेही कुणाच्या ओसरीवर मांडीवर कागद घेऊन, वळणदार आकडे काढायचे. यंत्राच्या यशातलं अर्धं श्रेय मी तरी या हातांना देईन.

उरलेलं श्रेय कोडिंग करणाऱ्यांना. मातृभाषेच्या रकान्यात आकडे नसतात, शब्द असतात: गोंडी, हलबी, पोवारी, छत्तीसगढी. तिथे संगणक फक्त मदतनीस; शब्द वाचून संकेतांक माणूसच देतो. भाषांची मांडणीही माणसांचीच. गोंडी, हलबी स्वतंत्र मोजल्या जातात, पोवारी मात्र तक्त्यात हिंदीच्या पोटात जाते. बोलणाऱ्यांचा आकडा तेवढा वेगळा छापतात.

2011लाही कागद असेच वाचले गेले. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा 13 लाख 22 हजारांवर होती. पुढची गणना, 1 मार्च 2027 या संदर्भ तारखेची, मोबाइलवर व्हायची आहे. अक्षर वाचायचं कामच संपलं. पण रकान्यात काय पडणार, हे अजून तुमच्या उत्तरावर आहे. घरात पोवारी बोलत असाल, तर प्रगणकाला पोवारीच सांगा.