पडलेलं पाणी परत आणताना

हॉस्टेलच्या मागच्या बागेत छोटासा धबधबा करायची परवानगी मागायला गेलो, तेव्हा रेक्टर सरांनी एकच अट घातली. "टाकी एकदाच भरून मिळेल. टँकरच्या पाण्यावर अंघोळ करणारी पोरं रोज तुमच्याकडे बघणार आहेत, लक्षात ठेवा."

आम्हाला वाटलं, त्यात काय! चार दगड, एक पंप. पण धबधब्यात पाणी पाडणं सोपं असतं. खरं इंजिनिअरिंग आहे ते पडलेलं पाणी परत आणण्यात.

सुरुवात धारेच्या रुंदीपासून करायची. पाण्याचा सलग पडदा हवा असेल, तर दर सेंटीमीटर रुंदीला ताशी साधारण १५० लिटर पाणी लागतं. आमची धार ३० सेंमी, म्हणजे ताशी ४५०० लिटर. पंपाच्या खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका, तो शून्य उंचीचा असतो. आपल्याला पाणी दीड मीटर चढवायचंय, शिवाय पाइप आणि बेंड यांचं घर्षण. म्हणून त्या उंचीला किती पाणी मिळेल, हे पंपाच्या आलेखावर बघूनच खरेदी करा. (फ्लुइड मेकॅनिक्सचं जर्नल मी पहिल्यांदा कॉपी न करता उघडलं!)

धारेसाठी शहाबादी फरशी पुढे काढून बसवली. पण पाणी फरशीच्या पोटाला चिकटून मागे भिंतीकडे जायला लागलं. उपाय आमच्या खिडकीवरच होता. छज्ज्याच्या खालच्या कडेला बारीक खाच असते ना, तशी खाच फरशीला मारली. धार सुटून खाली पडली.

मग आलं उद्घाटन. टाळ्या वाजल्या आणि दहा मिनिटांत लाइट गेली. पंप बंद, तरी खालची टाकी भरतच चालली! आम्ही पाइपचं तोंड वरच्या कुंडाच्या तळाशी ठेवलं होतं. पंप थांबल्यावर कुंडातलं पाणी त्याच पाइपमधून उलटं खाली आलं. कुंड १ मीटर लांब, ५० सेंमी रुंद, पाणी २० सेंमी. हिशोब करा, १०० लिटर. टाकी काठोकाठ भरलेली, त्यामुळे सगळं लॉनवर गेलं. पाच बादल्या! माळीकाका एवढंच म्हणाले, "पाणी खालीच पळणार पोरांनो, त्याला काय कळतं तुमचं ड्रॉइंग?"

दुसऱ्या दिवशी पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर आणलं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आणि खालच्या टाकीत उलट येणाऱ्या पाण्यापुरती जागा रिकामी ठेवली. पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावला. तरीही प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही, हा नियम.

गळती शोधायची युक्तीही सांगतो. रात्री पंप बंद करून टाकीवर खडूने खूण करा. सकाळी पातळी तीच असेल तर टाकी ठीक आहे, पाणी धारेच्या वाटेवर किंवा शिंतोड्यांत जातंय.

उन्हाने उडणारं पाणी मात्र कुणालाच अडवता येत नाही. त्याची भरपाई आम्ही चौघं पाळीने आपल्या अंघोळीतली अर्धी बादली देऊन करतो. आज माझी पाळी आहे!