काळा उंबर, कोड आणि ऊन

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले कारखाने आणि चाळी मागे टाकल्या की येऊरचं रान सुरू होतं. तिथल्या ओढ्याकाठी काळा उंबर उगवतो. कुणी त्याला भुईउंबर म्हणतं. वैद्यांच्या ग्रंथांत तो काकोदुंबर किंवा मलपू. दत्ताच्या देवळाशी पार बांधलेल्या उंबराचा मान याच्या वाट्याला आला नाही. ओळखायला मात्र सोपा. पान पॉलिशपेपरसारखं खरखरीत, आणि पानं समोरासमोर जोडीनं येतात, जे वड-पिंपळाच्या कुळात क्वचितच दिसतं. फळं खोडालाच लगडतात, कधी पानं नसलेल्या लोंबत्या फांद्यांवर, अगदी जमिनीलगत. देठ मोडला की पांढरा चीक.

या झाडाची ख्याती कोडासाठी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सातव्या अध्यायात उपाय दिला आहे: मलपूचा रस गुळाबरोबर प्यायचा, अंगाला स्नेह लावून झेपेल तेवढं ऊन घ्यायचं, तीन दिवस पेजेवर राहायचं. पांढऱ्या डागांवर फोड आले तर ते काट्यानं फोडायचे. आधी रस, मग ऊन, मग फोड. हा क्रम लिहून ठेवणाऱ्याची नजर किती बारीक होती, ते रसायनशास्त्र वाचल्यावर कळतं.

काळ्या उंबरात सोरॅलेन आणि बर्गाप्टेन ही संयुगं सापडली आहेत. अंधारात ती जवळजवळ स्वस्थ असतात. त्यांचा चपटा रेणू पेशीतल्या डीएनएच्या दोन पायऱ्यांमध्ये शिरतो आणि ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील किरण पडले की तिथेच पक्का जोडला जातो. कोडाच्या डागात केसांच्या मुळाशी थोड्या रंगपेशी उरलेल्या असतात; या उपचारानं त्या वाढीला लागतात आणि ठिपक्याठिपक्यांनी रंग परततो. मात्रा चुकली तर हीच क्रिया कातडी भाजून काढते. चरकातले फोड बहुधा याचेच.

सोरॅलेन बावचीच्या बियांतून १९३३ साली भारतातच वेगळं केलं गेलं. १९४०च्या दशकात इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी त्याच्या जवळच्या संयुगाचा कोडावर वापर केला. १९७४ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरायसिससाठी गोळी आणि यंत्रातले मोजके किरण यांची सांगड घातली. तोच ‘पुवा’ उपचार. पुढे दीर्घ वापरानं त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे दिसलं, आणि आता बहुतेक ठिकाणी सोरॅलेनशिवायच अरुंद पट्ट्याचे यूव्हीबी किरण देतात.

याच कुळातल्या अंजिराच्या चिकातही ही संयुगं असतात. म्हणून अंजीर तोडताना चीक लागलेल्या हातांवर ऊन पडलं की आग होते, काळे डाग उठतात. पुरंदरच्या अंजीरबागांत पूर्ण बाह्यांचे कपडे घालून तोडणी करणं शहाणपणाचं, ते यासाठीच.

रानातल्या झाडात संयुग किती, हे पान चघळून समजत नाही. ऋतूप्रमाणे, झाडाच्या भागाप्रमाणे ते बदलतं. यंत्रातले किरण मोजता येतात, दुपारचं ऊन नाही. कोड हा संसर्गानं पसरणारा रोग नव्हे, तरी लग्नाच्या वयाच्या मुलींची घरं त्यापायी किती घायकुतीला येतात, आणि त्या घाईतच कुणाचं तरी ऐकून डागावर चीक लावला जातो. कृपा करून तसं करू नका. वागळे इस्टेटहून कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय लांब नाही. आधी तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांना डाग दाखवा.