गाडीतून उतरताना मार कुठे बसतो

सीटबेल्ट, एअरबॅग आणि दारातले पोलादी आडवे दांडे यांची सगळी रचना एका गृहीतावर उभी असते. माणूस सीटवर नीट बसलेला आहे, पट्टा लावलेला आहे, दार बंद आहे. उतरताना या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुटतात. कंबर वळलेली, एक पाय रस्त्यावर, दुसरा आत. गाडी थांबली म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि नेमके तेव्हाच गाडीचे संरक्षण संपलेले असते.

आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी करतात. त्यामुळे चालकाचे आणि त्याच्या मागचे, अशी उजवीकडची दोन्ही दारे वाहत्या रहदारीत उघडतात. पुढे काय होते, ते धडक कुठून बसते यावर ठरते.

मागून येणारे वाहन उघड्या दारावर आदळले, तर दार बिजागरीवर पुढे मोडते. हात हँडलवर असेल तर मनगट आणि खांदा खेचला जातो. माणूस बाहेर उभा असेल तर बंपर थेट गुडघ्याच्या आसपास लागतो. त्या पायावर शरीराचा भार असल्याने तो मागे सरकू शकत नाही, आणि नडगीचे हाड मोडते.

अरुंद गल्लीत समोरून आलेले वाहन दाराला बाहेरून ठोकते, तेव्हा दार आपटून बंद होते. बाहेर काढलेला पाय दार आणि खालची कड यांच्यात चिरडतो. हँडब्रेक न लावलेली गाडी उतारावर पुढे घरंगळली आणि दार खांबाला अडले, तरी हेच घडते.

तिसरी तऱ्हा म्हणजे उभ्या गाडीलाच मागून धडक. गाडी पुढे उसळते, पण जमिनीवर टेकलेला पाय तिथेच राहतो. गुडघा आणि घोटा पिळवटतो, दोन दारांमधला खांब पाठीवर किंवा डोक्यावर आदळतो. मागच्या दारातून उतरणाऱ्याचा पाय मागच्या चाकाखाली जाऊ शकतो.

दुचाकीस्वाराचे गणित याहून कठीण. ताशी ४० किलोमीटरने येणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर जाते. दार दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर १६ मीटर तसेच सरले. दुचाकीची डावी मूठ दाराच्या कडेला अडते, पुढचे चाक डावीकडे वळते आणि स्वार उजवीकडे, रस्त्याच्या मध्यावर फेकला जातो. मागून बस किंवा ट्रक येत असेल, तर दाराची किरकोळ धडकही जिवावर बेतते.

जखमीला ओढून उभे करू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, पाय आहे त्या स्थितीत स्थिर ठेवावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. चिरडलेल्या पायाचे हाड शाबूत दिसले तरी पोटरी दगडासारखी ताठरली, बोटे हलवताना असह्य दुखले किंवा बधिरपणा आला, तर स्नायूंच्या आत दाब वाढत असतो. तो काही तासांत शस्त्रक्रियेने मोकळा करावा लागतो. सकाळपर्यंत थांबणे पायाच्या मुळावर येते.

गाडी उभी होती म्हणून भरपाईचा हक्क बुडत नाही. १९८७ साली सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले की वाहन हलत नसतानाही त्याचा ‘वापर’ चालू असू शकतो. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा करताना हा निकाल आधाराला येतो.

टाळण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे. उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडावे. त्यासाठी अंग आपोआप उजवीकडे वळते, नजर आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. ब्रिटनमध्येही वाहने डावीकडून चालतात आणि तिथल्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून हीच सूचना आहे. दार आधी फटीएवढेच उघडावे, पुन्हा पाहावे, मग पाय बाहेर टाकावा. मागे बसलेल्यांनी डावीकडूनच उतरावे, पण तिकडेही सायकल किंवा पादचारी नाही ना, हे बघून. मुले असतील तर उजव्या दाराचे चाइल्ड लॉक लावून ठेवावे. आणि द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडली, तर धोक्याचे दिवे लावून सर्वांनी डावीकडून उतरावे आणि कठड्यापलीकडे जाऊन उभे राहावे.